टोयोटा: मागावरून मोटारीकडे आलेल्या कंपनीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण इचलकरंजीत, घराला लागून असलेल्या शेडमधल्या मागांच्या खडखडाटात गेलं. पुढे मोटारींचं वेड लागलं, आणि टोयोटाचा इतिहास वाचायला घेतला तर सुरुवातीलाच माग, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा, उभ्या धाग्यांचा ताणा अशा घरातल्या गोष्टी भेटल्या. तेव्हापासून या कंपनीबद्दल मिळेल ते वाचायची सवय लागली. नात्यात, ओळखीत कुणी गाडी बघायला लागलं की मला फोन येतो आणि प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. कंपनी जिथे चुकली ते प्रश्नही मी टाळलेले नाहीत. ते कळल्याशिवाय या नावावरचा विश्वास कशावर उभा आहे हे कळत नाही, असं मला वाटतं.

टोयोटा आधी खरंच माग बनवायची का?

हो, आणि पुढचं सगळं त्या मागातूनच आलं.

साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ चा, आजच्या शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यातला. वडील सुतार. साकिचींनी वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकता शिकता हातमागावर प्रयोग सुरू केले. १८९१ मध्ये त्यांना लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट मिळालं आणि १८९६ मध्ये त्यांनी जपानचा पहिला स्वदेशी यंत्रमाग उभा केला. पण त्यांचं खरं मोठं काम अजून व्हायचं होतं.

ते काय होतं हे आमच्या शेडवरून सांगतो. साध्या यंत्रमागावर आडवा धागा, म्हणजे बाणा तुटला तर माग थांबायचा. पण ताण्याचा उभा धागा तुटला तर मागाला त्याचा पत्ताच नसायचा. धोटा इकडून तिकडे धावत राहायचा, कापड गुंडाळलं जायचं, आणि कामगार दुसऱ्या मागाची कांडी, म्हणजे धोट्यातली धाग्याची गुंडाळी, बदलून परत येईपर्यंत हातभर कापडात उभी चीर पडलेली असायची. वडील ती चीर बोटाने चाचपायचे आणि काही न बोलता खडूने खूण करायचे. तो तागा कमी भावाने जाणार हे घरात सगळ्यांना कळायचं.

साकिचींनी नेमका हाच प्रश्न सोडवला. मुलगा किइचिरो यांच्यासह १९२४ साली त्यांनी पूर्ण केलेल्या 'जी' प्रकारच्या मागात ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लोंबते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. शिवाय कांडी संपत आली की चालत्या मागात नवा धोटा आपोआप आत जातो. त्यामुळे एका माणसाला तीस-तीस मागांवर नजर ठेवता येऊ लागली, आणि खराब कापड विणलं जाणंच बंद झालं. १९२६ मध्ये कारिया इथे या मागांसाठी कारखाना निघाला. १९२९ मध्ये यंत्रमागांच्या धंद्यात तेव्हा जगात अग्रेसर असलेल्या इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेतले.

चूक झाली की यंत्राने स्वतःहून थांबायचं, या कल्पनेला टोयोटात 'जिदोका' म्हणतात. ही एक कल्पना लक्षात ठेवा, पुढे ती वारंवार भेटणार आहे.

घराणं तोयोदा, मग कंपनी टोयोटा कशी?

१९३६ मध्ये कंपनीने नव्या बोधचिन्हासाठी स्पर्धा ठेवली, त्यात सुमारे २७ हजार प्रवेशिका आल्या. निवडलेल्या चिन्हात 'तोयोदा'च्या जागी 'तोयोता' होतं. उच्चार मोकळा वाटला, आणि जपानी काताकाना लिपीत ते लिहायला आठ फराटे लागतात. आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. घराण्याचं नाव आणि धंद्याचं नाव वेगळं असावं, हाही विचार होता. आज दिसणारं तीन लंबगोलांचं चिन्ह मात्र १९८९ चं.

माग सोडून मोटारी बनवायचं कसं सुचलं?

माग सोडले नाहीत, मागांच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग काढला. १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झालं, रेल्वे आणि ट्राम बंद पडल्या, तेव्हा शहराने फोर्डचे ट्रक मागवून त्यांच्या सांगाड्यावर बसगाड्या बांधल्या. मोटार ही चैन नसून गरज आहे हे तिथे पहिल्यांदा दिसलं. लगोलग फोर्डने योकोहामात आणि जनरल मोटर्सने ओसाकात गाड्या जोडायला सुरुवात केली. जपानी रस्त्यांवर अमेरिकी गाड्या दिसू लागल्या, जपानी जवळजवळ नव्हत्याच.

किइचिरो तोक्यो विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकलेले. त्यांनी १९३३ मध्ये मोटार विभाग सुरू केला. अमेरिकी गाड्या आणून त्या सुट्या करायच्या, एकेक भाग मोजायचा, मग तो इथे ओतता येतो का ते बघायचं, असं ते काम होतं. इंजिनाचा ओतीव ठोकळा सुरुवातीला पुन्हा पुन्हा वाया गेला. मागाचे भाग ओतणं वेगळं आणि आत पाण्याच्या वाटा असलेला इंजिनाचा ठोकळा ओतणं वेगळं. १९३५ मध्ये पहिला नमुना आणि जी१ ट्रक, १९३६ मध्ये एए ही मोटार आणि २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी. कोरोमो गावाबाहेर उभारलेला कारखाना १९३८ मध्ये सुरू झाला. त्या गावाने १९५९ मध्ये आपलं नाव बदलून 'टोयोटा' केलं.

युद्धाच्या काळात कारखान्याने मुख्यतः सैन्यासाठी ट्रक बनवले, हेही या इतिहासात आहे आणि ते वगळून तो सांगू नये.

कंपनी एकदा बुडायला आली होती, ते कधी?

१९५० मध्ये. युद्धानंतर महागाई आटोक्यात आणण्यासाठी सरकारने पैशाचा पुरवठा आवळला, गाड्या विकल्या जाईनात, विकलेल्यांचे पैसे येईनात. बँकांनी कर्ज दिलं ते अटी घालून, आणि त्यात कामगार कमी करण्याची अट होती. किइचिरोंनी कुणालाही काढणार नाही असा शब्द दिला होता. संप झाला, दोन महिने खेचाखेच चालली, शेवटी सुमारे दोन हजार लोकांना जावं लागलं. किइचिरोंनी शब्द मोडल्याची जबाबदारी घेतली आणि अध्यक्षपद सोडलं.

त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याच्या ट्रकच्या मागण्या आल्या आणि कंपनी तगली. किइचिरो परत अध्यक्ष व्हायचं ठरत होतं, पण मार्च १९५२ मध्ये, ५७ व्या वर्षी ते गेले. संपूर्ण स्वतःच्या बळावर बनवलेली प्रवासी गाडी हे त्यांचं स्वप्न होतं. ती गाडी, क्राउन, १९५५ च्या जानेवारीत आली. हा भाग मला कधीही कोरडेपणाने वाचता आलेला नाही.

टोयोटा हातात रोकड राखून ठेवते आणि कामगारांना कमी करण्याचं टाळते, याचं मूळ या वर्षात आहे.

कानबान, काइझेन, अंदोन हे शब्द सगळीकडे ऐकू येतात. नेमकं काय असतं?

कारखान्यात उभं राहून बघितलं तर ते सोपं आहे. ताइइची ओनो नावाचे अभियंते आधी तोयोदांच्या सूतगिरणीत होते, मग मोटार कारखान्यात आले. त्यांनी अमेरिकी सुपरमार्केटची एक गोष्ट उचलली: गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं, तेवढंच दुकानदार परत भरतो. कारखान्यातही पुढच्या माणसाने जेवढे भाग घेतले, तेवढेच मागच्याने बनवायचे. किती हवेत हे सांगणारी चिठ्ठी डब्यासोबत फिरते, तिला कानबान म्हणायचं. गोदामात महिन्याचा माल नाही, म्हणून पैसा अडकत नाही, आणि एखादा भाग सदोष निघाला तर तो लगेच उघडा पडतो. ढिगाखाली लपायला जागाच नसते.

अंदोन म्हणजे डोक्यावरचा दिव्यांचा फलक. जोडणीच्या रांगेतल्या कुठल्याही कामगाराला काही चुकीचं दिसलं की तो दोरी ओढतो, दिवा लागतो, टोळीप्रमुख धावत येतो. ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर रांग थांबते. माग थांबतो तशीच. एवढ्या मोठ्या कारखान्याची रांग थांबवायचा हक्क सगळ्यात खालच्या माणसाला देणं, आणि त्याने तो वापरला म्हणून त्याच्यावर न ओरडणं, हे मला त्या चिठ्ठ्यांपेक्षा मोठं वाटतं.

मग येतं पाच वेळा 'का' विचारणं. ओनो स्वतः हे उदाहरण द्यायचे. यंत्र बंद पडलं. का? फ्यूज उडाला, कारण भार जास्त आला. भार का आला? बेअरिंगला तेल पुरेना. का पुरेना? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. दांडा का झिजला? गाळणी नव्हती, लोखंडाचा कीस आत गेला. आता बघा, पहिल्या 'का'ला थांबलात तर नवा फ्यूज घालाल आणि आठवड्याने तो परत उडेल. गाळणी बसवलीत तर विषय संपला. काइझेन म्हणजे असे छोटे छोटे बदल रोज करत राहणं.

माल साठवायचाच नाही तर एखादा पुरवठादार बंद पडल्यावर काय?

तो धोका खराच आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी कारियातल्या आइसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला दाब चाकांमध्ये वाटणारा मुठीएवढा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळा तिथूनच यायचा. साठा काही तासांचा. जपानमधले टोयोटाचे कारखाने ठप्प झाले.

पुढे जे झालं ते फार सुंदर आहे. आइसिनने नकाशे सगळ्यांना खुले केले. कितीतरी लहानमोठे पुरवठादार पैशांचं काही न ठरवता कामाला लागले, ज्यांनी हा व्हॉल्व्ह आयुष्यात बनवला नव्हता तेसुद्धा. त्यात शिलाई मशीन बनवणारी ब्रदर ही कंपनीही होती. काही दिवसांतच पहिले व्हॉल्व्ह पोचले आणि आठवडाभरात रांगा पुन्हा चालू लागल्या. साठा कमी ठेवायचा तर पुरवठादाराशी नातं असं लागतं. नुसता साठा कमी करून बाकीचं विसरणाऱ्यांना पुढे २०२१ च्या चिपटंचाईत त्याची किंमत कळली. टोयोटाने मात्र २०११ च्या भूकंपानंतर चिपसारख्या अडचणीच्या भागांचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सुरुवात केली होती, म्हणून ती टंचाईत इतरांपेक्षा उशिरा अडकली.

अमेरिकेत गाडी पहिल्याच झटक्यात चालली का?

मुळीच नाही. १९५७ मध्ये क्राउन तिकडे पाठवली. जपानच्या खडबडीत, कमी वेगाच्या रस्त्यांसाठी ती दणकट होती, पण अमेरिकी हमरस्त्यावर तिचं इंजिन तापायचं आणि दम लागायचा. १९६० च्या सुमारास कंपनीने तिची निर्यात थांबवली. त्या बाजारात फक्त लँड क्रूझरने तग धरला. मग अमेरिकी रस्त्यांना झेपेल अशी कोरोना १९६५ मध्ये नेली आणि तिथून पाय रोवले. अपयश आल्यावर जाहिरात वाढवण्याऐवजी गाडी मागे घेतली, हे मला या गोष्टीतलं शिकण्यासारखं वाटतं.

कोरोला एवढी का खपली?

नोव्हेंबर १९६६ मध्ये आली, २०२१ पर्यंत ५ कोटींवर विकली गेली. तिचे मुख्य अभियंता तात्सुओ हासेगावा युद्धकाळात विमानांचे आराखडे करायचे. गाडी सर्व बाजूंनी बरी असून भागणार नाही, दोन-तीन बाबतींत गिऱ्हाइकाला मनापासून आवडेल अशी असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. प्रतिस्पर्धी निसान सनी १००० सीसीची, म्हणून कोरोला ऐनवेळी ११०० सीसीची केली आणि 'शंभर सीसी जास्त' अशी जाहिरात झाली. मध्यमवर्गी घराला वाटलं की आपल्याला थोडं जास्तच मिळतंय.

टोयोटा टिकते असं सगळे म्हणतात. यात तथ्य किती?

तथ्य आहे, आणि त्याचं कारण जादू नाही. टोयोटा नवी गोष्ट उशिरा आणते. इंजिन, गिअरबॉक्स एकदा नीट बसला की तो वर्षानुवर्षं, अनेक गाड्यांत वापरते आणि त्याचे दोष एकेक करून काढत जाते. अगदी कडेपर्यंत ताकद पिळून काढत नाही, वाव ठेवते. म्हणून तिच्या गाड्या कागदावर पुष्कळदा मागे दिसतात: पडदा लहान, आतली सजावट साधी, ताकदीचा आकडा शेजारच्या शोरूमपेक्षा कमी. दहा वर्षांनी चित्र उलटं होतं.

दुसरं कारण दोष मान्य करण्याच्या पद्धतीत आहे. १९८९ मध्ये लेक्सस हा उंची ब्रँड अमेरिकेत निघाला. तीन महिन्यांतच एलएस ४०० मध्ये किरकोळ दोष निघाले, तक्रारी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. नव्या नावाची अब्रू पणाला लागलेली असताना कंपनीने विकलेल्या सुमारे ८ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. विक्रेत्यांनी कित्येकांच्या दारातून गाडी नेली, दुरुस्त केली, धुतली, पेट्रोल भरून परत दारात आणून लावली. लेक्ससचं नाव त्या परत बोलावण्यातूनच झालं.

पण टोयोटा आहे म्हणून ती सर्व्हिसिंगशिवाय चालेल, असा अर्थ कुणी काढू नये. तेल वेळेवर बदललं नाही तर कुठलंही इंजिन झिजतं.

मग २००९-१० मध्ये एवढा गदारोळ कशाचा झाला?

हा या इतिहासातला सर्वांत जड भाग आहे. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका लेक्ससचा वेग आटोक्यात येईना, अपघातात चौघांचा जीव गेला. दुसऱ्या मॉडेलची पायाखालची मॅट त्या गाडीत घातली होती आणि अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल तिच्यात अडकलं होतं. मॅटमुळे लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. मग जानेवारी २०१० मध्ये दाबलेलं पेडल चटकन वर न येण्याचा वेगळाच दोष मान्य करून एकट्या अमेरिकेत आणखी २३ लाख गाड्या.

गाडीचं इलेक्ट्रॉनिक यंत्रणेमुळे आपोआप वेग घेणं खरं की खोटं, यावर 'नासा'च्या अभियंत्यांची मदत घेऊन तपास झाला. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात तसा दोष सापडला नाही. एवढंच वाचून बरेच चाहते थांबतात आणि 'टोयोटाला उगाच बदनाम केलं' म्हणतात. ते बरोबर नाही. मॅट आणि पेडल हे दोष खरे होते, आणि कंपनीने त्यांची पूर्ण कल्पना लोकांना दिली नव्हती. २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याचं मान्य करून तिने अमेरिकी न्याय विभागाला १२० कोटी डॉलर भरले.

किइचिरोंचे नातू अकिओ तोयोदा जून २००९ मध्येच अध्यक्ष झाले होते. २४ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी माफी मागितली आणि सांगितलं की कंपनी फार वेगाने वाढली, आधी सुरक्षितता मग दर्जा मग संख्या हा क्रम बिघडला. २००८ मध्ये टोयोटा जनरल मोटर्सला मागे टाकून जगात पहिली झाली होती. पहिलं व्हायच्या घाईत कुणी दोरी ओढली नाही, असं मला त्यातून वाटतं.

अलीकडे चाचण्यांमध्ये खोटेपणा सापडला, ते काय प्रकरण?

प्रकरणं एकाहून जास्त आहेत. २०२२ मध्ये ट्रक बनवणाऱ्या हिनो या समूहातल्या कंपनीने धुराच्या चाचण्यांचे आकडे वर्षानुवर्षं फिरवल्याचं उघड झालं. डिसेंबर २०२३ मध्ये समूहातल्याच दाइहात्सु या कंपनीच्या ६४ मॉडेल्सच्या सुरक्षा चाचण्यांत गैरप्रकार सापडले आणि तिने सगळ्या गाड्या पाठवणं थांबवलं. चौकशी समितीने बोट ठेवलं ते गाडी तयार करायच्या अशक्य वेळापत्रकावर. जून २०२४ मध्ये खुद्द टोयोटाने काही मॉडेल्सच्या प्रमाणन चाचण्या नियमाप्रमाणे न झाल्याचं मान्य केलं आणि जपानमध्ये तीन मॉडेल्स थांबवली.

मला सर्वांत लागलं ते जानेवारी २०२४ चं. टोयोटा इंडस्ट्रीजने काही डिझेल इंजिनांच्या ताकदीची चाचणी देताना वेगळं सॉफ्टवेअर वापरून आकडे एकसारखे दाखवले होते. आपल्याकडच्या इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सलाही याची झळ बसली, त्यांची रवानगी काही दिवस थांबली होती. आणि टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे कोण? १९२६ ची ती मागांचीच कंपनी. ज्या घरात धागा तुटताच यंत्र थांबवायची रीत जन्मली, तिथे आकडे चुकीचे आहेत हे माहीत असूनही माणसं थांबली नाहीत. गाड्या रस्त्यावर धोकादायक ठरल्या नाहीत, असं कंपनी म्हणते. तरी विश्वासाचा धागा तुटला होता आणि पट्टी खाली पडायला वर्षं लागली.

भारतात टोयोटासोबत किर्लोस्कर कसे?

मराठी माणसाला हे सांगताना छाती भरून येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ चे, म्हणजे साकिचींहून दोनच वर्षांनी लहान. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर आणि कडबा कापायचं यंत्र, १९१० पासून किर्लोस्करवाडी. दोघांनीही आपल्या भोवतीच्या लोकांच्या हातातलं रोजचं अवजार सुधारण्यापासून सुरुवात केली, एकाने माग, दुसऱ्याने नांगर.

त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी १९९५ मध्ये तोयोदांशी पहिली भागीदारी केली तीही कापडगिरणीची यंत्रं बनवायला. मोटारीची टोयोटा किर्लोस्कर मोटर त्यानंतर, १९९७ मध्ये, बंगळुरूजवळच्या बिडदी इथे. विक्रमराव नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. किर्लोस्करांच्या आधी, ऐंशीच्या दशकात डीसीएम या भारतीय कंपनीबरोबर छोटे ट्रक बनवायचा टोयोटाचा एक प्रयत्न झाला होता, तो पुढे देवू या कोरियन कंपनीच्या हाती गेला.

बिडदीत सगळं सुरळीत झालं असंही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे संप आणि टाळेबंदी झाली, ती काही महिने चिघळली.

चांगली चालत असताना क्वालिस का बंद केली?

हा प्रश्न आजही लोक चिडून विचारतात. क्वालिस जानेवारी २००० ची, इंडोनेशियातल्या किजांग या गाडीची भारतीय आवृत्ती. तेव्हाच पुष्कळांनी तिला जुनाट, डबा म्हणून नावं ठेवली होती. पण मागची बाक समोरासमोर, दहा माणसं बसायची, आणि २.४ लिटरचं डिझेल इंजिन कंटाळायचं नाही. आमच्या गल्लीतली क्वालिस लग्न, पंढरपूर, दवाखाना, सगळीकडे गेली. तिचं सरकतं काच-तावदान उन्हाळ्यात अर्धं उघडं ठेवून आम्ही मागे पाय पोटाशी घेऊन बसायचो.

२००५ मध्ये कंपनीने ती बंद करून इनोव्हा आणली. गाडी खपतेय तोवर ओढायची हा सरळ धंद्याचा हिशोब, तो न करता तिने पुढची आणली. इनोव्हा महाग होती, लोक कुरकुरले, आणि मग वीस वर्षं तिच्याच मागे राहिले.

टोयोटाची ग्लॅन्झा म्हणजे मारुती सुझुकीची बलेनोच ना? मग टोयोटाचं नाव लावून काय मिळतं?

हो, गाडी सुझुकीचीच. सुझुकी आणि टोयोटा एकमेकींना गाड्या देतात. उलट दिशेचं उदाहरण म्हणजे मारुतीची इन्व्हिक्टो, ती मुळात टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस. मारुतीची ग्रँड व्हिटारा बिडदीच्या कारखान्यात बनते आणि तिच्या महागड्या हायब्रिडमधलं, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या प्रकारातलं तंत्र टोयोटाचं. ग्लॅन्झात वॉरंटी, सर्व्हिस सेंटरची वागणूक आणि किंमत यांचा फरक बघून ठरवा. टोयोटाचं इंजिन मिळेल या समजुतीने ती घेऊ नका.

योगायोग म्हणाल तर सुझुकीची सुरुवातही १९०९ मध्ये हामामात्सु इथे मागांच्या कारखान्यानेच झाली, त्याच शिझुओका प्रांतात.

इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये टोयोटा मागे पडली का?

बॅटरीवरच्या गाड्यांत, हो. डिसेंबर १९९७ मध्ये प्रियस आणून हायब्रिड गाडी पहिल्यांदा मोठ्या संख्येने बनवणारी हीच कंपनी, पण ती त्या वाटेवर इतकी रमली की पुढची वाट इतरांनी धरली. २०२२ मध्ये आणलेल्या बीझेड४एक्स या बॅटरीवरच्या गाडीच्या चाकांचे बोल्ट सैल पडू शकतात म्हणून विक्री सुरू होताच गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भारतात चार्जिंगची सोय गावोगाव होईपर्यंत हायब्रिड हा चांगला मधला मार्ग आहे असं माझं मत, पण त्यावरून टोयोटाने उशीर केला नाही असं म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात कारखाना येणार, ते कुठवर आलं?

३१ जुलै २०२४ रोजी राज्य सरकार आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्यात छत्रपती संभाजीनगरसाठी सामंजस्य करार झाला, सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा. मराठवाड्यातल्या आयटीआयच्या मुलांनी यावर डोळा ठेवावा.

जुनी इनोव्हा घ्यायची आहे. काय बघू?

आधी ती टॅक्सी होती का ते कागदपत्रांत बघा, नंबरप्लेटचा रंग बदलून खासगी झालेल्या गाड्या पुष्कळ आहेत. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. त्यापेक्षा क्लच आणि ब्रेकच्या पेडलांचं रबर, स्टिअरिंगची झीज, चालकाच्या सीटची कड बघा. दोन लाख किलोमीटर फिरलेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं असतं, आणि नवंकोरं रबर असेल तर ते का बदललं हे विचारा. कोकणातली गाडी असेल तर खाली वाकून सांगाड्याला गंज लागलाय का तपासा. चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढा, परत बोलावण्यातलं काही काम राहिलं असेल तर तेही तिथे कळतं.

२०१६ च्या आधीच्या २.५ लिटर डिझेल इनोव्हात टायमिंग बेल्ट असतो, क्रिस्टापासून चेन आली. ठराविक किलोमीटर झाले की बेल्ट बदला असं सांगणारा दिवा मीटरमध्ये आपोआप लागतो, पण तो बेल्ट न बदलताही विझवता येतो. म्हणून दिवा बंद दिसला तरी बेल्ट बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर तो खर्च धरूनच किंमत बोला, आणि गाडी घरी नेण्याआधी बेल्ट बदलून घ्या.